खाजोरं

तुडुमाच्या तिसऱ्या दगडावर, पाण्याखाली,
बावाने माझं बोट धरून टेकवलं.
ओल्या खपलीसारखं काही. मऊ, तरी चरचरीत.
"खाजोरं," तो म्हणाला. "जाऱ्याले लागलं
का हात दिवसभर चावते."
वर काढलं: हिरवट, सुईनं टोचल्यासारखी भोकं,
वास असा की पारीवरचा बगळा दोन पावलं सरकला.

डबी, बर्फ, चिठ्ठी, तारीख.
दिवसभर पाणी आत ओढायचं, जंतू खायचे, पाणी सोडायचं,
ना तोंड, ना पोट, ना पळायला पाय.
जागेवरून न हलणाऱ्याला
आपलं औषध आपणच काढावं लागत असेल.
प्रबंधात हे वाक्य चालणार नाही.

नागपूरला काचेच्या बशीत जंतूंची पिवळट साय धरली,
मधे कागदाची टिकली, अर्कात बुडवलेली.
सकाळी टिकलीभोवती स्वच्छ कडं:
सात मिलिमीटर.
दुसऱ्या बशीत चार. तिसऱ्या बशीत काहीच नाही.
मी तिसरीचाही फोटो ठेवला.

बावाच्या अंगठ्यात शिंगुराचा काटा मोडलेला,
पोळ्यापासून पू धरत होता.
"मंग लावून पाहू का थोडंसं?"
"नोको."
"तूच त म्हनलं, जंतू मरतेत."
"बशीत मरतेत, बावा."
त्याने अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
जणू ती बशी मी कपाटात लपवून ठेवलीय.
सोमवारी साकोलीच्या दवाखान्यात नेलं.
चिरा एक, सुया दोन.

उन्हाळी धानाला तुडूम सोडलं, दगड उघडा पडला.
खाजोरं वाळून राख.
संपलं म्हणून मॅडमना फोन करायला
रेंज शोधत पारीवर चढले.
खाली बावाने डाव्या हाताने खरवडलं, तळव्यावर घेऊन फुंकलं.
राख उडाली. उरले खसखशीएवढे पिवळे दाणे.
"हे पाय. पानी आलं का यातूनच निंगते."
"तुले कोनं सांगतलं?"
"खाजवून खाजवून मालूम पडलं."

अर्जात एक रकाना होता: स्थानिक नाव. लिहिलं.
त्याखाली, नमुना दाखवणाऱ्याचं नाव. अर्धी ओळ.
दसाराम रघूजी नान्हे, ढिवर
मावत नव्हतं.
अक्षर बारीक केलं.

परतीच्या बसमध्ये
भंडारा येईपर्यंत माझा हात खाजत होता.