अर्धं ताट

रात्री साडेअकराला
शेवटचं गिऱ्हाईक मिशा पुसत चौकाकडे निघून जातं,
भोजनालयाचं शटर अर्धं खाली येतं,
तेव्हा तुम्ही जेवायला बसता.
गंजाच्या तळाशी उरलेला सावजी रस्सा,
वर बोटभर तर्री,
तिसऱ्यांदा तापवलेली.
बावीस वर्षं मी हेच वाढलं.
बावीस वर्षं तुम्ही म्हणालात, तळाचाच खरा.

मार्चात धाकट्या भाऊजींचं आतडं कापलं,
वीतभर.
दवाखान्यात आहाराच्या बाई होत्या,
पौनीकरांची निकिता, आपल्यातलीच निघाली.
तिनं कागदावर एक गोल काढला,
मधून रेघ मारली.
अर्ध्यात भाज्या नि फळं.
उरल्या अर्ध्यात कोंड्यासकट धान्य, आणि डाळ.
मटण कुठे, मी विचारलं.
कधीमधी, म्हणाली, तळहाताएवढं, करपवू नका.
आणि खर्रा?
तिनं पेन खाली ठेवलं.
काकू, या गोलात खर्र्याला जागाच नाही.

एवढं केलं की होत नाही ना, मी भीत भीत म्हटलं.
हमी नाही, ती म्हणाली,
जपून खाणाऱ्यालाही होतो.
पण पारडं जरा कलतं.
ते 'जरा' मी पदराच्या गाठीत बांधलं
आणि सक्करदऱ्यापर्यंत उभ्यानं आले.

माझ्या माहेरी माग होता.
बाबा म्हणायचे, उभा धागा कितीही रेशमी असो,
आडवा ओवला नाही
तर ते लुगडं नाही, नुसत्या तारा.
त्या रात्री गोलाकडे बघता बघता
बाबांचा धोटा ऐकू आला,
खट्, खट्.

बुधवारीच्या बाजारातून मग अंबाडी आणली,
पांढरी वांगी, मुळ्याचा पाला,
मृगाची शेवटची संत्री, सुरकुतलेली, स्वस्त.
जवस भाजून कुटले. ज्वारीची भाकर टाकली.
तुम्ही ताटाकडे पाहिलंत.
"काहून वो, घरात बकरी बांधली का?"
आणि वाटी पुढे सरकवलीत.
मी वाटी भरली. अर्धीच.

एकोणीस रात्री असंच.
भाजी ताटातून परत यायची
आणि मी ती ओट्यापाशी उभी राहून खायची, थंडगार.
कितव्या रात्री कोण जाणे, लक्षात आलं,
इतकी वर्षं मी फक्त उरलेलं जेवले,
कधी रस्सा, कधी नुसता भात,
कधी मीठ-तेल.
त्या पोरीनं काढलेल्या गोलात
माझंही तोंड होतं
आणि मी तिला माझ्याबद्दल
एक अक्षर विचारलं नव्हतं.

काल भाऊजी येऊन गेले.
गालफडं बसलेली, पँट दोरीनं बांधलेली.
ते गेल्यावर तुम्ही खिशातली खर्र्याची पन्नी काढलीत,
चोळलीत थोडी, सवयीनं,
आणि परत ठेवलीत.
फेकली नाहीत, मी बघितलं.
मग भिंतीकडे बघत म्हणालात,
"थे जवसाची चटणी आहे का उरली?"

आहे, म्हटलं.
पण उरलेली नाही, आत्ता कुटली.
आणि दोन ताटं घेतली, तुमचं, माझं,
एकाच वेळी.
संत्रं एकच होतं.
अकरा फोडी निघाल्या.
कुणाला पाच, कुणाला सहा,
ते सांगत नाही.