उलटी अक्षरं

गुनसानच्या बंदरामागे, मासळीबाजारापासून तिसऱ्या गल्लीत
मामाचं दुकान. शिक्के कोरून मिळतील.
अर्धं काउंटर माझं. किल्ल्या बनवून मिळतील.
मधे रॉकेलची शेगडी, तिच्यावर जवाच्या चहाची किटली,
आणि शेगडीभोवती, नोव्हेंबर लागल्यापासून,
अख्खा देश.

म्हणजे तिघंच.
पण आवाज पाच कोटींचा.

नाम्गुंग काका रेल्वेत सिग्नलमन होते.
म्हणतात, चालत्या गाडीची चाकं तपासत नाहीत.
पाच वर्षांसाठी बसवलाय ना त्याला खुर्चीत?
स्टेशन येऊ दे. मग वाकून बघा काय ते.
ओक-बुन मावशी सुक्या बांगड्यांचे खवले नखानं काढत म्हणतात,
आणि चाकच निखळलं तर
स्टेशन काय चालत येणार आहे तुमच्याकडे?

औषधवाले ब्यॉन चष्मा कपाळावर चढवतात:
पदावर असताना खटला नाही, एवढंच लिहिलंय.
चौकशी नाही, असं कुठं लिहिलंय, दाखवा.
काका म्हणतात, बाजारभाव बघा आधी. जग हसतंय आपल्याला.
मावशी म्हणतात, हसू दे.
कर नाही त्याला डर कशाला?

तेव्हा काका एकदम गप्प झाले.
किटलीचं झाकण तेवढं थडथडत राहिलं.
मग म्हणाले, हेच वाक्य,
अगदी हेच,
माझ्या भावाला घेऊन गेले त्या रात्री
दारात उभ्या माणसानं आईला ऐकवलं होतं.

त्यावर कोणी काही बोललं नाही.
ब्यॉननी चहा ओतला. थोडा सांडला.

मामा या वादात नसतो.
तो डोळ्याला भिंग लावून लिंबाच्या लाकडात कुणाचंतरी नाव कोरत असतो.
उलटं.
नाव उलटं कोरावं, तेव्हा कुठं ते कागदावर सरळ बोलतं,
हे त्यानं मला सातव्या वर्षी शिकवलं.
मी तरीही किल्ल्यांकडे वळले.
किल्लीला नाव नसतं.

गुरुवारी गारठ्यात एक मुलगी आली, बूट ओले,
गळ्यात विशेष तपास पथकाचं ओळखपत्र.
देशानं पटकन आपापले पाय शेगडीपासून मागे घेतले.
तिनं एका फोटोवर बोट ठेवलं.
लाल ठसा, कुठल्याशा प्रतिष्ठानच्या संचालकाचा,
म्हणे, जो माणूस कुठंच सापडत नाही.
हे तुमचं काम?

मामानं भिंग लावून पाहिलं. फार वेळ पाहिलं.
डाव्या उभ्या रेघेला खाली बारीकशी खाच असते त्याच्या,
सही म्हणा, खोड म्हणा.
आहे, म्हणाला.
वही काढली, चाळीस वर्षांचे ठसे असलेली.
दोन मार्च. ठसा होता, ताज्या डाळिंबासारखा.
पुढचा रकाना, आणून देणाऱ्याचं नाव, ओळखक्रमांक:
कोरा.

घाई आहे म्हणाला, मामा पुटपुटला.
दुप्पट पैसे दिले.
मी विचारलं नाही.

मुलीनं लिहून घेतलं. आवाज चढवला नाही.
वहीची पावती दिली, वाकून नमस्कार केला,
दार लावून गेली. हळू.

आता मामाच्या हाताखाली वहीच्या आकाराची
धूळ नसलेली जागा आहे,
आणि तो तिच्यावर तळवा ठेवून बसतो.
नाम्गुंग काका म्हणतात, बघा, शेवटी पोचले कुणापर्यंत?
शिक्केवाल्यापर्यंत!
मावशी म्हणतात, सुरुवात खालूनच होते, जिना असाच चढतात.

दोन मार्चला त्याच माणसानं,
राखाडी कोट, डाव्या हाताला करंगळीचं पेर नसलेला,
माझ्याकडून एक किल्ली करून घेतली होती.
माझ्याकडे वही नाही.
मला अजून कोणी विचारलेलं नाही.

तू काय म्हणतेस गं, ब्यॉन माझ्याकडे वळतात,
तुम्हा तरुणांचं काय मत? चौकशी व्हावी की नाही?

मी मशीन चालू केली.
पितळेचा भुगा उडाला,
आणि कुणालाच काही ऐकू आलं नाही.