खालचं

वाटणीत जमीन दिराकडे गेली
आणि घर आमच्याकडे आलं.
चिलोए बेटावर याचं कुणाला नवल नाही.
घर लाकडाचं. ओंडक्यांवर चढवायचं, बैल जुंपायचे,
हाकेसरशी गाव येतं.
भरती आली की खाडीत लोटायचं,
पलीकडे पुन्हा बैल.
संध्याकाळी सगळ्यांना शिंपले आणि बटाटे.
झालं स्थलांतर.

मिलाराय सहाची व्हायची होती.
ती पलंगाखाली जाऊन बसली.

"अगं, घर येतंय ना आपल्याबरोबर!
तुझी खोली, तुझी खिडकी,
शेगडीमागचा तुझा उबेचा कोपरा.
काही म्हणजे काही सुटत नाहीये."
बोलताना मला माझंच कौतुक वाटत होतं.

ती म्हणाली, "आणि खालचं?"

खालचं म्हणजे
करडी कोंबडी चोरून अंडी घालते ती जागा.
पडलेला पहिला दात पुरला ती जागा.
रात्री फळीच्या फटीतून
गार श्वास सोडणारं ते जे कोण आहे, ते.
"तिकडेही खाली असतंच की,"
नोल्बेर्तो म्हणाला.
त्याचं उत्तर म्हणजे खिळा. एकदा ठोकला की विषय बंद.

त्या आठवड्यात तिनं तीनदा अंथरूण ओलं केलं.
तिसऱ्यांदा मी ओरडले.
मग चादर पिळताना माझेच हात लटपटले,
कारण मलाही त्या पलीकडच्या टेकडीवर
एकही झाड ओळखीचं नव्हतं,
आणि हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आदल्या दिवशी तिनं विचारलं,
"घराला माहीत आहे?"
"नसावं."
"मग कोण सांगणार?"
मी बटाटे सोलत होते. सहज म्हणून गेले,
"तू सांग."

ती दारापासून सुरू झाली.
"उद्या तू पाण्यावर जाणार आहेस. बुडणार नाहीस.
एलादियोकाकांनी पिंपं बांधलीत."
खिडकीला म्हणाली,
"समुद्र आता या हाताला येईल.
आधी आधी चुकशील. चालतं."
शेगडीला: "एकच दिवस गार राहायचंय."
मग भिंतीला गाल लावून, अगदी हळू,
"रडू आलं तर रड. पण मला उठव."

मी सुरी खाली ठेवली.
जे मी तिला सांगायला हवं होतं
ते ती लाकडाला सांगत होती,
माझ्यापेक्षा बऱ्या शब्दांत.

सकाळी बैलांच्या चौदा जोड्या.
दोर ताणले, माणसं ओरडली,
घर कण्हलं
आणि दाढ निघावी तसं निघालं.

खाली उरला फिकट चौकोन.
पांढुरकं गवत, एक चमचा,
अर्धा कंगवा, फुटकी अंडी.
दात काही सापडला नाही.
मिलाराय चौकोनात उतरली,
पावलं मोजत आपल्या खोलीत गेली,
पलंगाच्या जागी आडवी झाली, आभाळ बघितलं.
"केवढुसं होतं गं," म्हणाली.
दीर काठावर उभा. त्याला काय बोलावं कळेना.
"इथे मी बटाटे लावीन," तो म्हणाला.
ती उठली, फ्रॉक झटकला.
"माझ्या खोलीतले मला द्यायचे."

पुढच्या काढणीला नावेतून पोतं आलं.
वर कोळशानं लिहिलेलं: मिलारायची खोली.
निम्मे किडके निघाले.
तिनं एकही टाकू दिला नाही,
किडकं कापून, उरलेलं उकडून, सालासकट खाल्लं.

टेकडीवर वारा जास्त आहे.
शाळेत अजून एकच मैत्रीण, तीही भांडकुदळ.
कधी रात्री फळ्या करकरतात
आणि शेजारच्या खोलीतून हाक येते,
"आई, त्याला अजून सवय नाही झाली."

कुणाला, ते मी विचारत नाही.
उठते,
दोघांवर एकेक हात ठेवून
बसून राहते.