सातवा ओंडका

तावेत्तीनं आधी घर नाही, सौना बांधली.
मिनेसोटातला पहिला हिवाळा तिथंच काढला:
तो, साइमा,
आणि लोखंडाच्या खाणीतून सोबत आलेला खोकला.

मग घर. पाइनचे ओंडके
कुऱ्हाडीनं तासून असे बसवले
की फटीत नख शिरू नये.
खिळा? एकही नाही.

आज दुरुस्तीला भिंत उतरवली,
प्रत्येक ओंडक्यावर खडूचा आकडा.
सातव्याचा सांधा तिरका निघाला,
शेवाळ कोंबून कसाबसा भागवलेला.
आतल्या अंगाला कोरलेली तारीख.

नात ऐला चष्मा पुसून वाकली.
"बाबांचा जन्म. तिकडं, सौनेत."

सुतार काही बोलला नाही.
पटाशी पेटीत ठेवली
आणि ओंडका
होता तसाच, तिरका,
परत चढवला.