भेगेचा क्रम

मत्राहच्या बाजारात पहिल्याच शुक्रवारी
खलफान म्हणाला, "सौ बैसा."
मी बसलो.
त्याच्या लोखंडी स्टुलावर, चांगला ऐसपैस.
तो पोट धरून हसला, तेव्हा कळलं,
गलबतांतून इथवर येता येता
आपल्या पैशाचा ठसा झिजला असणार,
प चा ब झाला.

तेव्हापासून दर शुक्रवारी बसतो.

त्याच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे,
तांब्याच्या पाव आण्यांनी भरलेला,
सगळे एकाच सालचे, हिजरी तेराशे पंधरा.
गिऱ्हाईक येतं, दोन-चार चाळवतं,
"सगळे सारखेच की," म्हणतं,
आणि त्यातला जरा चकचकीत घेऊन जातं.

मी डबा उपडा करतो.
आधी शिरोलीत, आता रुसैलच्या कारखान्यात,
एकोणीस वर्षं डायच करतोय,
सारखं काही नसतं, यावर तर पोट चालतं माझं.
भिंगाखाली बघा:
याच्यावरचा अरबी पाच हरभऱ्याएवढा,
त्याच्यावरचा तिळाएवढा, आणि एका बाजूला कललेला.
म्हणजे दोन ठसे.
कदाचित दोन माणसं.
कदाचित एकच, सकाळचा आणि जेवणानंतरचा.

ठसा उलटा कोरावा लागतो.
रेवती फोनवर वही दाखवते,
तिचा ग भिंतीकडे तोंड करून उभा,
बाईंनी लाल गोळा केलाय त्याभोवती.
"चुकलं का हो बाबा?"
मी म्हणतो, शाळेत चुकलं.
माझ्याकडे आली असतीस तर
पहिल्याच दिवशी कामावर घेतलं असतं.

ठशात जे खोल ते नाण्यावर उंच.
म्हणून ठसा तडकला
की नाण्यावर भेग नाही, वरंबा उमटतो.
तिळाएवढ्या पाचाचा ठसा तडकलेला होता.
माझ्याकडची दोन नाणी:
एकावर काठापासून निघालेली केसाएवढी रेघ,
दुसऱ्यावर पाचाला मधोमध चिरून
पार पलीकडच्या काठाला टेकलेली.
मधलं हवं होतं.
रेघ पाचाच्या दारात येऊन थांबलेली.

घण मारणाऱ्याला ती दिसली असणार.
पोलादाचा आवाज आधी बदलतो, डोळ्यांना मग कळतं.
तरी तो म्हणाला असेल,
निघतील अजून पाचशे.
मीही दर रमजानला हेच म्हणतो,
करारावर सही करताना.

सहा वर्षं शोधलं.
निझवाला गेलो, सूरला गेलो,
एका म्हाताऱ्याने तर बकरीच्या गळ्यातलं सोडून दाखवलं,
हरभऱ्याचं निघालं.

परवा खलफान दुकान धूत होता.
स्टूल उचललं
आणि आखूड पायाखालून
एक काळी चकती घरंगळत माझ्या चपलेपाशी आली.
लिंबू नाही, चिंच नाही, नुसत्या अंगठ्याने घासली.
नाणं घासू नये हे मला ठाऊक आहे.
घासली.

दारातच थांबली होती रेघ.

म्हणजे सहा वर्षं
मी त्याच्यावरच बसून
त्याला शोधत होतो.

खलफानला सांगितलं तर म्हणाला,
"मग त्याचं भाडं कोण देणार?"
पैसे घेईना. शेवटी
मी खिशातले पन्नास बैसा काढून
पायाखाली सरकवले, नवे, करकरीत,
त्यांच्यावर भेगही नाही अजून.

पातळ पडले.
स्टूल डुगतं.
"बैसा," खलफान म्हणाला,
आता तोही आमच्यातला झालाय.
एक पाय जमिनीवर घट्ट रोवून
मी बसलो.