मापाचं कवच

हिप्परग्याच्या तळ्याकाठी
वेणूला खेकडा सापडला. रिकामा.
नांग्या जागच्या जागी,
आत कोणीच नाही.

"मेला?"
"छे," नरसूमामा म्हणाला.
मामा शाळांचे गणवेश शिवतो, अशोक चौकात.
"घट्ट झालं, काढून ठेवलं.
यांचं हाड बाहेर, मांस आत.
वाढायचं तर पाठीशी उसवायचं
आणि उलटं सरकत निघायचं.
कोळंबीचंही तेच,
मंगळवार बाजारातल्या सुकटीचंही.
माठाखाली गोळी होऊन बसतो ना,
तोसुद्धा यांच्याच भावकीतला."

वेणूने पाय मोजले. आठ.
नांग्या धरून दहा.
"मग तो कुठंय आता?"
"असेल दगडाखाली. मऊ, लोण्यासारखा.
नवं कापड कडक होईस्तोवर
कुणाला तोंड दाखवत नाही."

वेणूने दगडावरचा हात काढला,
आणि आखूड झालेली बाही
मनगटापर्यंत ओढून पाहिली.