जरा हललं

यंत्राच्या पोटातून एका बाईचा आवाज येतो,
कुठेतरी एकदाच बोलून ठेवलेला:
सांस अंदर लीजिए. रोकिए.
सकाळपासून एकवीस जणांना तिनं हे
त्याच सुरात सांगितलं.
एकविसावे मुरलीधर सप्रे,
वय एक्क्याऐंशी, राहणार लष्कर, दौलतगंज.

त्यांनी छाती फुगवली,
बाड्यावर कुणी सलामीला उभं केल्यासारखी,
आणि सहाव्या सेकंदाला खोकले.

पडद्यावर यकृताला दोन कडा आल्या,
छपाईत सरकलेल्या कॅलेंडरातल्या देवाला
चार ओठ असतात तशा.
श्वासपटलाच्या जिन्यासारख्या पायऱ्या झाल्या,
आणि डॉक्टरांना हवा होता तो वाटाण्याएवढा ठिपका
त्या पायऱ्यांत कुठेतरी बसला होता,
किंवा नव्हताच.

मी आत गेले. पोटावरचा पट्टा नीट केला.
काका, पुन्हा घ्यावा लागेल, म्हटलं.
"हलला?" उताण्यानंच त्यांनी विचारलं.
जरा. कडा दुहेरी आल्यात.
"मग त्यात माणसाचा दोष नसतो.
फोटोवाल्याचा असतो."

पन्नास वर्षं पाटणकर बाजारात त्यांचा स्टुडिओ.
मुंजी, पासपोर्ट, साखरपुडे,
आणि म्हाताऱ्यांचे ते एकेकटे फोटो,
घरचे वेळेत काढून ठेवतात ते.
"उजेड कमी, शटर मंद.
श्वास रोखा म्हटलं की माणसाचा फुगा होतो
आणि फुगा थरथरतो.
मी म्हणायचो, सोडा. सगळा सोडा.
सोडल्यावर, पुढचा घ्यायच्या आधी
एक जागा असते, पोरी.
तिथं कुणी काही करत नसतं.
तिथं दाबायचं."

मी यंत्रातल्या बाईला गप्प केलं.
टेबलाचा वेग वाढवला, बारा सेकंदांचे चार केले.
नाकाला ऑक्सिजनची नळी, तीन मिनिटं.
मग तालीम: त्यांच्या पोटावर माझा तळहात,
वर, खाली, वर, खाली.
घेतलेला श्वास दर वेळी वेगळ्या उंचीवर जायचा,
एकदा बोटभर, एकदा चार बोटं.
सोडलेला मात्र
रोज त्याच खुर्चीत बसणाऱ्या माणसासारखा
बरोबर तिथंच येऊन टेकायचा.

काचेमागे आले. माइक जवळ ओढला.
सप्रेकाका, सोडा.
सगळा.

त्या चार सेकंदांत बाहेर लू चालली असेल,
एखादा टेम्पो भरायची वाट बघत
फुलबागेपाशी धडधडत उभा असेल,
मला काहीच ऐकू आलं नाही.
मीही श्वास सोडून उभी होते,
काही गरज नसताना.

कड आली. एकच,
सुरीनं कापलेल्या पेरूसारखी.
आणि ठिपका आला.
एकटा नव्हता.
मघाच्या फोटोत तो असेल-नसेल
एवढी तरी सोय होती.

सदऱ्याची बटणं लावता लावता त्यांनी विचारलं, "आला?"
आला, म्हटलं. स्वच्छ आला.
पुढचं सांगायचा अधिकार मला नाही,
रिपोर्ट परवा, खिडकी क्रमांक दोन.

ते थांबले. मान किंचित तिरकी केली,
उजेड कुठून पडतोय ते बघावं तशी,
आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

"तू हललीस, पोरी," म्हणाले,
आणि टेबलाखाली चपला शोधायला वाकले.